जुन्या मोटारीचे इंजिन ‘मिसिंग’ का करते? खाऱ्या हवेतील निदान आणि दुरुस्ती

पेट्रोल इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये ठरलेल्या क्षणी इंधनाचे ज्वलन झाले नाही किंवा अर्धवट झाले, तर त्या दोषाला ‘मिसफायर’ असे म्हणतात. गॅरेजच्या बोलीत ‘गाडी मिसिंग करते’ किंवा ‘झटके मारते’ असे म्हटले जाते, ते याच दोषासंबंधी. इंजिनाचा एकसारखा आवाज तुटक होतो, स्टिअरिंग व आसने थरथरू लागतात, ॲक्सिलरेटर दाबूनही वेग वाढत नाही आणि प्रसंगी सायलेन्सरमधून फटाका फुटल्यासारखा आवाज येतो.

हा दोष कोणत्याही मोटारीत उद्भवू शकतो. परंतु समुद्रकाठच्या रत्नागिरीत जुन्या मोटारींना त्याचा विशेष उपद्रव होतो. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, बाराही महिने वाहणारे खारे वारे, जांभ्याची तांबडी धूळ आणि शहराबाहेर पडताच लागणारे चढ-उतार या चारही गोष्टी जुन्या इंजिनाची परीक्षा पाहतात. त्यातच मुंबईस्थित कुटुंबांच्या अनेक मोटारी गावच्या घरी पडवीत किंवा मांगरात उभ्या असतात आणि गणपती, शिमगा व मे महिना एवढ्यापुरत्याच बाहेर निघतात. अशी मोटार चालू होताच मिसिंग करू लागली, की ‘आता गाडी काढून टाका’ असा सल्ला मिळतो. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा एखाद्या वायरीत किंवा प्लगमध्ये असतो. तो नेमका शोधण्याची रीत ठाऊक असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

दुर्लक्षाचे परिणाम

भारतात १९८३ ते २०१४ या काळात तयार झालेल्या मारुती ८०० या मोटारीचे इंजिन ७९६ सीसीचे व तीन सिलिंडरचे आहे. त्यातील एक सिलिंडर निकामी झाला, तर किमान एक-तृतीयांश शक्ती नाहीशी होते. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी किंवा २०१४ मध्ये उत्पादन थांबलेली अ‍ॅम्बॅसिडर या चार सिलिंडरच्या मोटारींत हेच नुकसान एक-चतुर्थांश असते. सपाट रस्त्यावर ही उणीव एक वेळ निभावते. मात्र हातखंबा, पाली, साखरपा या मार्गे आंबा घाट चढताना, मागे अवजड वाहनांची रांग आणि समोर धुके असताना, तीच उणीव अपघाताचे कारण ठरू शकते.

दुसरे नुकसान इंजिनाचे होते. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन काढते, खाली उतरून इंजिन ऑइल पातळ करते आणि रिंगांची झीज वाढवते. चार महानगरांत एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवणे सक्तीचे झाले आणि पुढे तो सर्वत्र रूढ झाला. ज्या मोटारीला तो आहे, तिच्यात हे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते व त्याच्या आतील जाळी वितळू शकते. काही शे रुपयांच्या प्लगकडे केलेले दुर्लक्ष अशा रीतीने हजारो रुपयांच्या खर्चात नेते.

ज्वलनाच्या तीन अटी

सिलिंडरमध्ये ज्वलन होण्यास तीन गोष्टी लागतात. योग्य क्षणी पडणारी जोरदार ठिणगी, हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण आणि ते मिश्रण दाबून धरणारे कॉम्प्रेशन. मिसिंगचे प्रत्येक कारण या तिन्हींपैकी एकात मोडते. इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असता, म्हणजे मोटार नुसती उभी असता, प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ४५० वेळा ज्वलन व्हावे लागते. इतक्या वेगाने चालणाऱ्या क्रियेत दोष कोठे आहे, हे केवळ अंदाजाने सांगणे कठीण असते. प्लग, कॉइल, पेट्रोल पंप असे सुटे भाग एकामागून एक बदलत जाण्याची पद्धत म्हणूनच महाग पडते. बिनखर्ची तपासण्या आधी व खर्चिक तपासण्या नंतर, हा क्रम पाळल्यास बहुतेक दोष पहिल्या तासाभरात सापडतात.

दोष केव्हा जाणवतो?

पाना हातात घेण्यापूर्वी मिसिंग कोणत्या वेळी होते, हे पाहावे. दोषाची वेळ हाच त्याचा पहिला पुरावा असतो.

रात्रभर पाऊस पडल्यानंतर सकाळी इंजिन थरथरत असेल व गरम झाल्यावर सुधारत असेल, तर ठिणगीच्या वाटेवर ओल साचली आहे, असे समजावे. चढावर किंवा ॲक्सिलरेटर जोराने दाबताच मिसिंग होत असेल, तर ठिणगी अशक्त आहे किंवा पेट्रोल अपुरे पोहोचत आहे. भार वाढला की सिलिंडरमधील दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पडण्यास अधिक व्होल्टेज लागते. त्यामुळे सपाटीवर झाकून राहिलेला प्लगचा दोष घाटात उघड होतो. केवळ उभ्या गाडीत मिसिंग होत असेल आणि वेगात ते नाहीसे होत असेल, तर कार्ब्युरेटरचा स्लो जेट, कोठून तरी शिरणारी जादा हवा किंवा व्हॉल्व्हचे चुकलेले अंतर यांचा संशय घ्यावा. इंजिन चांगले तापल्यावरच दोष दिसत असेल, तर एचटी कॉइल तपासावी.

आवाजाची लयही बोलकी असते. ठरावीक तालात होणारे मिसिंग एका सिलिंडरचा दोष दाखवते. अनियमित, कधी एक तर कधी दुसरा ठोका चुकवणारे मिसिंग सर्व सिलिंडरना सामाईक असलेल्या भागाकडे, म्हणजे कॉइल, रोटर, पेट्रोलचा पुरवठा किंवा हवेची गळती यांकडे बोट दाखवते.

निकामी सिलिंडर ओळखणे

दोष तालबद्ध असेल, तर कोणता सिलिंडर काम करीत नाही हे ठरवावे. इंजिन बंद करून एका सिलिंडरची एचटी वायर काढावी, ती एका जादा प्लगला जोडावी आणि त्या प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला पक्का टेकवून बांधावा. आसपास पेट्रोलची गळती नाही, याची आधी खात्री करावी. मग इंजिन चालू करून फेऱ्यांत पडणारा फरक ऐकावा. चांगला सिलिंडर बंद केला की इंजिन लगेच आणखी अडखळते. ज्या सिलिंडरची वायर काढूनही काहीच फरक पडत नाही, तोच निकामी होय. एमपीएफआय मोटारीत वायरीऐवजी त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढावा, म्हणजे न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जात नाही.

चालू इंजिनाची एचटी वायर हाताने ओढू नये. तिच्यात वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो. वायर तशीच उघडी सोडल्यास कॉइल व इलेक्ट्रॉनिक इग्निशनही खराब होऊ शकते.

सिलिंडर कळल्यावर अदलाबदलीची परीक्षा करावी. संशयित सिलिंडरचा प्लग शेजारच्या चांगल्या सिलिंडरमध्ये व तेथील प्लग येथे बसवावा. दोष प्लगबरोबर सरकला, तर प्लग खराब आहे. न सरकल्यास वायरींची अदलाबदल करावी. मात्र प्रत्येक वायर डिस्ट्रिब्युटर कॅपमधील आपल्याच सिलिंडरच्या जागी राहिली पाहिजे. मारुती ८०० मध्ये ठिणगीचा क्रम १-३-२ असा, तर पद्मिनी व अ‍ॅम्बॅसिडरमध्ये १-३-४-२ असा आहे. इंजिन धुतल्यानंतर वायरी उलटसुलट बसवल्या गेल्यानेच मिसिंग सुरू झाल्याची उदाहरणे कमी नाहीत. काढण्यापूर्वी प्रत्येक वायरीला क्रमांकाची पट्टी चिकटवणे श्रेयस्कर.

ठिणगी : कोकणातील पहिला संशयित

काढलेला प्लग इंजिनाच्या आतील स्थिती सांगतो. टोकावर फिकट तपकिरी रंग असेल तर ज्वलन उत्तम आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. तेलकट काळा थर म्हणजे रिंग वा व्हॉल्व्ह सीलमधून चढणारे ऑइल. पांढुरके, भाजलेले टोक म्हणजे पेट्रोल कमी व उष्णता जास्त. प्लग पेट्रोलने ओला असेल, तर मिश्रण पोहोचले, पण ठिणगी पडली नाही. कार्ब्युरेटर असलेल्या मारुती ८०० च्या प्लगमधील अंतर ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवतात. इतर मोटारींसाठी मालकपुस्तिका पाहावी. चिनीमातीच्या भागावर केसाएवढी जरी चीर दिसली, तरी प्लग बदलावा आणि बदलताना सर्व प्लग एकदम बदलावेत.

यानंतर डिस्ट्रिब्युटर कॅप उघडावी. समुद्रकाठच्या हवेत कॅपच्या आतील धातूच्या टोकांवर पांढरा-हिरवा क्षार जमतो. ओल व क्षार यांच्या थरावरून वीज प्लगकडे न जाता भलत्याच वाटेने जाते आणि कालांतराने प्लॅस्टिकवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ उमटते. ही रेघ कार्बनची असते व तीवरून वीज सहज वाहते. नुसती ओल असेल तर कॅप पुसून, वाळवून काम भागते. रेघ उमटली असेल तर कॅप व रोटर बदलण्यावाचून इलाज नसतो.

एचटी वायरींची परीक्षा अंधारात सोपी होते. रात्री बॉनेट उघडून इंजिन चालू करावे व दुरूनच वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारावा. वायरीचे आवरण फुटले असेल, तर निळ्या ठिणग्या इंजिनावर उडताना स्पष्ट दिसतात. मल्टिमीटर उपलब्ध असेल, तर सर्व वायरींचा रोध मोजावा. लांबीच्या मानाने एखादीचा रोध इतरांहून फार वेगळा असेल किंवा ती मुळीच जोड दाखवत नसेल, तर ती आतून तुटलेली आहे. वाडीत उभ्या राहणाऱ्या मोटारींत उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का, हेही पाहावे.

पद्मिनी व अ‍ॅम्बॅसिडरसारख्या मोटारींत सीबी पॉइंट असतात. त्यांची टोके जळून खाचा पडतात. ती घासून किंवा बदलून अंतर साधारण ०.४ मिलिमीटर ठेवावे. पॉइंट वारंवार जळत असतील, तर कंडेन्सर खराब झाला आहे.

सर्वांत दुर्लक्षित राहणारा भाग म्हणजे अर्थिंगची पट्टी. इंजिन व बॉडी यांना जोडणारी ही पट्टी खाऱ्या हवेने आतून गंजते आणि बाहेरून धड दिसते. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचे ऋण टोक व इंजिनाचा धातू यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर पट्टीची दोन्ही टोके घासून स्वच्छ करावीत अथवा पट्टी बदलावी. या पट्टीच्या दोषापायी चांगल्या कॉइल बदलल्या जातात.

पेट्रोल आणि हवा

ठिणगी निर्दोष आढळल्यास मिश्रणाकडे वळावे. प्रथम एअर फिल्टर पाहावा. कच्च्या रस्त्यावरील तांबडी धूळ आणि पावसाळी ओल यांचा मिळून फिल्टरवर चिखलाचा लेप बसतो. हवा कोंडते व प्लग काळे पडतात. त्यानंतर पेट्रोल फिल्टर. तो तुंबला असेल, तर गाडी शहरात ठीक चालते आणि चढावर किंवा लांब पल्ल्याच्या वेगात आचके देते.

याउलट जादा हवा शिरत असेल, तर मिश्रण पातळ होते. कार्ब्युरेटर व मॅनिफोल्ड यांमधील गॅस्केट, ब्रेक बूस्टरकडे जाणारा पाइप आणि बारीक व्हॅक्यूम पाइप यांचे रबर वयोमानाने तडकते. संशयित सांध्यावर थोडे पाणी शिंपडावे. इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला, तर हवा तेथूनच शिरते आहे. या कामी पेट्रोल वा रॉकेल कदापि वापरू नये.

जुन्या मोटारींच्या बाबतीत आता आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. देशात २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉल जळण्यास पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. एमपीएफआय मोटारीतील संगणक ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे हा फरक बऱ्याच अंशी भरून काढतो. कार्ब्युरेटरला ते जमत नाही आणि मिश्रण पातळच राहते. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. मोटार महिनोन्‌महिने दमट हवेत उभी राहिली व टाकी अर्धी रिकामी असली, तर पुरेसे पाणी जमल्यावर पाणी व इथेनॉल यांचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन तळाशी बसतो आणि पंप नेमका तोच थर आधी ओढतो. अशी मोटार चालू करण्यापूर्वी टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाहावे. दोन थर दिसले, तर टाकी रिकामी करून कार्ब्युरेटरची वाटी व जेट साफ करावेत. जुने रबरी पाइप इथेनॉलने फुगतात वा भेगाळतात. ते इथेनॉलला टिकणाऱ्या प्रतीचे बसवावेत. पेट्रोलच्या गळतीमुळे आग लागण्याचा धोका असतो, हे विसरता कामा नये.

कॉम्प्रेशन : निर्णायक परीक्षा

ठिणगी व मिश्रण दोन्ही ठीक असूनही सिलिंडर निकामी राहत असेल, तर कॉम्प्रेशन मोजावे. इंजिन गरम करून सर्व प्लग काढावेत, पेट्रोल व इग्निशन तोडावे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि स्टार्टरने इंजिन चार-पाच वेळा फिरवून प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्यावा. धडधाकट पेट्रोल इंजिनात तो बहुधा दर चौरस सेंटिमीटरला १० ते १३ किलो असतो. आकड्यापेक्षाही सिलिंडरांमधील तफावत महत्त्वाची. ती १० ते १५ टक्क्यांहून अधिक नसावी.

आकडा कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला, तर रिंग झिजल्या आहेत. न वाढल्यास दोष व्हॉल्व्हचा आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी आले, तर त्यांच्यामधील हेड गॅस्केट फाटली असावी. सर्वच आकडे सारखे कमी आले, तर टायमिंग बेल्ट एखादा दात सरकला आहे का, ते तपासावे. ऑइलच्या झाकणाखाली दिसणारा दुधी थर दमट हवेत थोडा असतोच; डिपस्टिकवरील ऑइलही दुधी असेल आणि रेडिएटरचे पाणी घटत असेल, तरच गॅस्केटचा निष्कर्ष काढावा.

व्हॉल्व्ह जळण्याआधी इशारा मिळतो. व्हॉल्व्ह व त्याला दाबणाऱ्या भागातील अंतर, ज्याला गॅरेजमध्ये ‘टॅपेट’ म्हणतात, कमी होत जाते आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. वेळीच टॅपेट जुळवले, तर तासाभराच्या कामात मिसिंग थांबते. उशीर झाला, तर हेड उतरवावे लागते. शिसेयुक्त पेट्रोल देशात फेब्रुवारी २००० पासून बंद झाले. त्या पेट्रोलच्या काळात आखलेल्या, बिडाचे हेड असलेल्या अ‍ॅम्बॅसिडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनासारख्या इंजिनांत व्हॉल्व्हची बैठक झिजून हे अंतर लवकर घटते. हेड उतरवलेच, तर कठीण धातूच्या बैठका बसवून घेणे हिताचे असते.

एमपीएफआय मोटारी आणि पीयूसीची चिठ्ठी

भारतात एप्रिल २०१० पासून टप्प्याटप्प्याने ओबीडी यंत्रणा आली. अशा मोटारीत स्कॅनरवर दिसणारा पी-०३०० हा संकेत अनियमित मिसफायर, तर पी-०३०१, पी-०३०२ हे संकेत अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर दर्शवतात. संकेत केवळ सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही. त्यामुळे वरील परीक्षा तेथेही कराव्याच लागतात. इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत असेल, तर कन्व्हर्टर धोक्यात आहे असे समजून वेग कमी करावा व शक्य तितक्या लवकर थांबावे.

जुन्या मोटारीच्या मालकाजवळ आणखी एक साधन असते, ते म्हणजे पीयूसीची चिठ्ठी. तीवरील एचसी हा आकडा न जळलेल्या पेट्रोलचा आहे. सीओ फारसा न वाढता एचसी मात्र मागील वेळेपेक्षा पुष्कळ वाढला असेल, तर मिसिंग कानाला जाणवण्यापूर्वीच त्याची चाहूल लागते. जुन्या चिठ्ठ्या म्हणूनच जपून ठेवाव्यात.

दुरुस्ती की निरोप?

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते व पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. मोटार ठेवावी की काढावी, हा प्रश्न याच सुमारास उभा राहतो. त्याचे उत्तर मिसिंगच्या आवाजावर अवलंबून ठेवू नये. कॉम्प्रेशनच्या आकड्यांवर ठेवावे. आकडे समान व पुरेसे असतील, तर इंजिनाचा गाभा शाबूत आहे आणि प्लग, वायरी, कॅप, फिल्टर यांवरील खर्च सार्थकी लागतो. रिंग झिजल्या असतील, तर बॉडीचा गंज, विशेषतः तळपत्रा आणि सस्पेन्शनचे जोड, पाहून मगच इंजिन उतरवण्याचा निर्णय घ्यावा. समुद्रकाठी पुष्कळ मोटारींचे आयुष्य इंजिनापेक्षा पत्रा आधी संपवतो.

मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी डिस्ट्रिब्युटर कॅप, वायरी, प्लग व अर्थिंगची पट्टी तपासून घ्यावी. प्लगच्या रबरी टोप्यांना आतून सिलिकॉन ग्रीस लावावे. इंजिनावर दाबाने पाणी मारणे टाळावे. उभ्या मोटारीची टाकी शक्यतो भरलेली ठेवावी आणि पंधरवड्यातून एकदा ती दहा-पंधरा किलोमीटर चालवून इंजिन पूर्ण तापू द्यावे. एवढी निगा राखली, तर गणपतीला घरी येणाऱ्या माणसांना घेऊन जुनी मोटार आंबा घाटही बिनतक्रार चढते.